आतल्या घोट्याएवढी जागा

आनंदा व्हटकर, वय अडुसष्ट, सुभाषनगर.
मोपेडवरून पडले, उजवा घोटा दोन्हीकडून मोडला.
हृदय चालतंय पंचवीस टक्क्यांवर.
पूर्ण भूल नको, पाठीतली नको,
एवढं फाईलवर तांबड्या शाईनं लिहून
मी टेबलाजवळ स्टूल ओढलं.

"पायच तेवढा झोपवा," ते म्हणाले,
"मी जागाच बरा. झोपंत लई बडबडतो."

आमच्या सरांना पडदा लागायचा नाही.
कुल्ल्याची दोन हाडं चाचपून
ते कातडीवर रेघ ओढायचे, मधून एक लंब सोडायचे
आणि त्या फुलीवर लांब सुई.
नसेला विजेची चुणूक लागली की
तळपाय आपोआप खाली दाबला जायचा,
न दिसणारं शिलाई मशीन चालवल्यासारखा.
पण मोडलेला घोटा असा नाचवायचा कुणी?
मी गुडघ्यामागं जेल लावते.

करड्या अंधारात आधी धमनी, ठोके देत.
तिच्या कडेला दोन नसा, वेगवेगळ्या,
मधाच्या पोळ्याचे दोन तुकडे.
प्रोब मांडीकडं सरकवत नेते, बोटभर, अजून बोटभर,
तशा त्या जवळ येतात,
अंग चोरून एका खोळीत शिरतात.
"काय दिसतंय?"
"चिखलीचा संगम. उलटीकडनं."
"मग तिथंच वता."

सुई शिरली तसे त्यांनी डोळे मिटले.
"एक पदर गेला... थांबा. अजून एक हाय."
मी थांबले. खरंच होता.
टोकापुढं तंबूसारखा वाकलेला,
मग टचकन सुटला.
"पन्नास वर्सं आरी चालवली बाई.
कातडं आदी न्हाई म्हणतं.
मग जरा इचार करतं. तवाच हात आवरायचा,
न्हाईतर भोक मोठं."
सरांनी हेच सांगितलं होतं,
इंग्रजीत, चार लेक्चरं घेऊन.

वीस मिली. पाच-पाच करून.
दर वेळी दट्ट्या मागं ओढायचा, रक्त नाही ना बघायचं.
नसेभोवती काळं पाणी गोल फिरलं.

वीस मिनिटांनी स्पिरिटचा बोळा.
तळव्याला? न्हाई. करंगळीकडं?
"न्हाई. दुसऱ्याचा पाय ठेवलाय जणू."
अंगठा हलवा म्हटलं.
त्याच अंगठ्याखाली त्यांनी जन्मभर कातडं दाबून धरलं होतं.
ते कपाळाला आठ्या घालून लागले हलवायला.
अंगठा आपला छताकडं बघत पडलेला.

मग आतल्या घोट्यावर बोळा टेकवला.
"गार," ते म्हणाले.
"इथं अजून माझं हाय."

सर्जन हातमोजे चढवून उभे, भिंतीवरचं घड्याळ बघत.
ही पट्टी त्या संगमातली नव्हेच.
ती मांडीच्या पुढच्या नसेची लेक,
गुडघा ओलांडून एकटीच घोट्यापर्यंत चालत येणारी.
मला माहीत होतं. यादीत लिहिलेलं होतं.
बोलण्यात राहून गेलं.

"पंचगंगेतबी पाचवी दिसत न्हाई,"
ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले.
"सरस्वती म्हणायची म्हातारी माणसं."
दुसरी सुई, मांडीच्या आतून, दहा मिली.
"घ्या. तेवढंबी घ्या."

मग ड्रिल. प्लेट, सात स्क्रू.
हिरव्या पडद्याअलीकडं ते माझ्या रबरी सपाता न्याहाळत होते.
"डाक्टर असून असलं घालता?
बरं होऊ द्या मला. मापाला कागद आणा एक."

सकाळी वॉर्डात गेले तर ते उठून बसलेले,
पांघरूण बाजूला सारून, प्लास्टरबाहेरच्या बोटांकडं बघत.
"साडेचारला आतला घोटा आला.
शेवटी घेतलासा, तोच आदी परत दिलासा.
मग मुंग्या. आता ठणकतंय, सगळंच."
गोळी घेतली नाही? खुणेची पट्टी तशीच होती.
"घेतो की. दम धरा जरा.
आलंय का सगळं ते बघू द्या एकदा."
अंगठा हलला. थोडाच.

मी कोल्हापूरची.
"येतो" म्हणाले, आणि कागद घेऊन यायचं
पुन्हा एकदा राहून गेलं.